ळ नसलेल्या घरातले अनुप्रास

नाशिकमधल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानाचा बोर्ड पाहा. कॉलेज रोडला असो, पंचवटीत असो की आमच्या सिडकोत, पेंटरने मराठीत लिहिताना झ काढलेला असतो. इंग्रजी स्पेलिंगच्या सुरुवातीला एक्स आहे याचं त्याला काही पडलेलं नसतं. त्याने शब्द ऐकला आणि ऐकला तसा रंगवला. त्यामुळे इंग्रजी अनुप्रासाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याला कळलेली आहे, जी माझ्या बारावीच्या मुलांना कळायला पुष्कळ वेळ लागतो.

मी इंग्रजीचे क्लास घेते. बोर्डाच्या पेपरात कवितेतला अलंकार ओळखायचा असतो. 'एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द जवळजवळ आले की ॲलिटरेशन' ही व्याख्या मुलं पाठ करून आलेली असतात. बी, पी, एस घेऊन वाक्यं करणं त्यांच्या हातचा मळ असतो. म्हणून मी एक्स देते. फोनवर डिक्शनरी उघडली की दोन स्क्रोलमध्ये एक्सचे शब्द संपतात. मग वहीत येतात एक्स-रे, झायलोफोन आणि झेरॉक्स. कागदावर तिन्ही एका रांगेत छान उभे. मोठ्याने वाचले की रांग मोडते. एक्स-रे सुरू होतो 'ए'ने, तोंड उघडं ठेवून. बाकीचे दोघे झकडे जातात. म्हणजे झायलोफोनची जोडी झेब्राशी जमेल, झिपरशी जमेल, पण एक्स-रेशी जमणार नाही. एक्स-रेला हवी एग, एंजिन, एलेव्हेटर अशी मंडळी.

यावर माझा साधा उपाय आहे. इंग्रजी वाक्य देवनागरीत लिहून काढा. नाईफ, नी, न्यूमोनिया. स्पेलिंगमध्ये पहिले दोन के-वाले, तिसरा पी-वाला. देवनागरीत तिघे सख्खे भाऊ. क्वीन, क्विक, क्वायर. यातला तिसरा शब्द सीएचने सुरू होतो, गाणाऱ्यांचा समूह, पण कानाला तो राणीच्याच घरातला. वन, विंडो, वंडर. युरोप, युनिकॉर्न, यलो. क्यू, एक्स, झेड ही इंग्रजीतली दुर्मीळ अक्षरं. स्क्रॅबल खेळलेल्यांना माहीत असेल, क्यू आणि झेडला दहा-दहा गुण, जे आणि एक्सला आठ-आठ. पण अक्षर दुर्मीळ असलं तरी आवाज दुर्मीळ असतोच असं नाही. क्यूचा आवाज क आणि व मिळून होतो, आणि ते दोन्ही आवाज इंग्रजीत भरपूर आहेत. दुर्मीळ आवाज शोधायचा तर डिक्शनरीतली पानं मोजून भागत नाही, बोलून पाहावं लागतं.

देवनागरीवर फार विसंबू नका, हेही लगेच सांगते. तीही फसवते. 'चार चाकं' म्हणून पाहा. लिहिताना दोन्हीकडे च. 'चार' म्हणताना जीभ टाळूला लागते, 'चाकं' म्हणताना दातांमागे. दोन वेगळे आवाज आणि त्यांना एकच अक्षर. 'चक्र' संस्कृतातून आहे तसं आलं म्हणून त्याचा च टाळूचा राहिला. त्याच चक्राचं बोलीत 'चाक' झालं आणि च दातांवर आला. झाड आणि झेंडा यांचंही तेच. मराठी माणूस हे बरोबर बोलतो, पण त्याला विचारा की हे दोन च आहेत का, तर तो वेड्यासारखा तुमच्याकडे बघेल. इंग्रजांना हसायला आपण मोकळे, आपल्या च मधली फट मात्र आपल्याला दिसत नाही.

आणि 'सुरुवातीचं अक्षर' ही अट तर मराठीत टिकतच नाही. ळने सुरू होणारा एक मराठी शब्द सांगा. नाही. णने? 'णमो' म्हणणारे जैन शेजारी असतील तर तेवढा एक मिळेल, आणि तोही प्राकृतातला. इंग्रजीतही 'किंग'च्या शेवटी येणारा ङसारखा आवाज कधी शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. मग या अक्षरांनी अनुप्रास करायचाच नाही का? अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या काव्यप्रकाशात अनुप्रास म्हणजे वर्णांचं साम्य, स्वर वेगळे असले तरी चालतील. वर्ण शब्दाच्या दारात उभा हवा अशी अट तिथे नाही. घरात कुठेही बसलेला चालतो. त्यामुळे आपल्याकडे ळचा अनुप्रास होतो, भरपूर होतो, आणि तो शब्दांच्या पोटात होतो. वर्णमालेत ळला जागा मिळाली ती अगदी शेवटी, हच्या मागे. हिंदीवाले त्याला ओळखत नाहीत. पण ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत तो बसलेला आहे, एवढं जुनं त्याचं खानदान.

इथवरचं सगळं मी वर्गात सांगते. पुढचं सहसा सांगत नाही.

माझी आई यावल तालुक्यातली. वडील अंबडच्या एमआयडीसीत कामाला लागले म्हणून आम्ही नाशिकला आलो. सातपूर, अंबड, सिडको इथे खानदेशातून आलेली आमच्यासारखी घरं गल्लोगल्ली सापडतील. आईची बोली लेवा. त्या बोलीत ळ नाही. ळच्या जागी य येतो. डाळ म्हणजे डाय, शाळा म्हणजे शाया, डोळा म्हणजे डोया. आणि ज्या केळीच्या बागांवर आमचा सगळा मुलूख उभा आहे, ती केळी म्हणजे केयी. घरात आम्ही असंच बोलायचो. बाहेर कसं बोलायचं याचा विचार शाळेत जाईपर्यंत करावा लागला नव्हता.

सहावीत असताना मराठीच्या तासाला बाईंनी जिभेचे व्यायाम घेतले. कच्चा पापड, पक्का पापड झालं. चटईला टाचणी टोचून झाली. मग बाई तिसऱ्या वाक्याशी आल्या, जे महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी कधी ना कधी म्हटलेलं असतं: काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले. इतर मुलांची जीभ घाईत अडखळत होती. आमची तीन-चार जणांची, जी यावल-रावेरकडून आलेली, ती अडखळलीच नाही. आम्ही झरझर म्हणून मोकळे झालो: काये राये, गोरे राये, राय्यात राये मिसयले. वर्ग हसला. बाईंनी आम्हाला उभं केलं, पुन्हा म्हणायला लावलं, वर्ग पुन्हा हसला. 'ढ कुठले,' असं म्हणून बाई पुढच्या बाकाकडे वळल्या. शाळेचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा तशा पुष्कळ शाळा होत्या.

त्या दिवशी कुणी अनुप्रास मोजला नाही. मी तो पुष्कळ वर्षांनी, शिकवायला लागल्यावर मोजला. प्रमाण मराठीतल्या वाक्यात ळ सहा वेळा येतो. आमच्या वाक्यात त्या सहाही ठिकाणी य येतो. एकही कमी नाही. य एखाद्या ठिकाणी चुकून आला असता तर अनुप्रास फाटला असता. पण बोली चुकून काही करत नाही. ती नियमाने चालते. प्रत्येक ळचा य करते, त्यामुळे एका वर्णाची सगळी कुळी उठून दुसऱ्या घरात राहायला जाते, आणि कुळीतली नाती जशीच्या तशी राहतात. वाक्य तेवढंच गुंफलेलं राहतं. शिवाय आमच्या तोंडून ते जास्त वेगाने जायचं, जो म्हणे त्या व्यायामाचा हेतू होता.

इंग्रजीत याची एक जुळी गोष्ट आहे. शॉचं 'पिग्मॅलियन' हे नाटक १९१३ सालचं. त्यावरून आधी संगीत नाटक आणि १९६४ साली 'माय फेअर लेडी' हा सिनेमा झाला, आणि मराठीत १९७५ मध्ये पु. लं.ची 'ती फुलराणी' आली. सिनेमात लंडनची फुलवाली एलायझा शब्दाच्या सुरुवातीचा ह खाते. प्रोफेसर हिगिन्स तिला हने सुरू होणाऱ्या शब्दांनी भरलेलं वाक्य देतो आणि तोंडासमोर ज्योत ठेवतो. ह नीट निघाला तर ज्योत हलेल. अनुप्रास इथे अलंकार राहत नाही, नाक्यावरची झडती होतो. एलायझाचे सगळे ह गळतात आणि सगळे शब्द स्वरांनी सुरू होतात. आता गंमत पाहा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कवितेत, बेवुल्फसारख्या काव्यात, प्रत्येक ओळ अनुप्रासावरच तोललेली असे, आणि तिथला नियम होता की कुठलाही स्वर कुठल्याही दुसऱ्या स्वराशी अनुप्रास साधतो. त्या जुन्या कवींच्या कानाने ऐकलं तर एलायझाचं हगळतं वाक्य पूर्ण अनुप्रासाचं आहे. हिगिन्सला व्याकरण येत होतं, ज्योतीचं भौतिकशास्त्र येत होतं, पण समोरची मुलगी आपल्याच भाषेचा जुना नियम पाळते आहे हे काही त्याला ऐकू आलं नाही.

एका आवाजावरून माणूस ओळखण्याची ही तऱ्हा फार जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारात, शास्ते या पुस्तकात, यार्देन नदीच्या उतारावर पहारा बसतो. पळून जाणाऱ्या प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावतात. शत्रूच्या टोळीला श म्हणता येत नाही, ते 'सिब्बोलेथ' म्हणतात आणि तिथेच मारले जातात. त्या कथेत मेलेल्यांचा आकडा ४२,००० आहे.

श आणि स. ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमचं गावच आठवलं. पांडवलेण्यांत एकोणिसाव्या लेण्यावर एक छोटा कोरीव लेख आहे. सातवाहन कुळातल्या कृष्ण राजाच्या काळात इथल्या एका महामात्राने हे लेणं करवलं, असं तो सांगतो. तिथे गावाचं नाव सने कोरलेलं आहे, नासिक. आणि कृष्णाचं नाव 'कन्ह' झालेलं आहे. म्हणजे ज्या शहरात आम्हाला ळवरून उभं केलं, त्या शहराने स्वतःच्या नावातला स कधीतरी बदलून श केला, आणि त्याला कुणी बाकावर उभं केलं नाही.

तिसऱ्या लेण्यातला लेख याहून मोठा. तो गौतमी बलश्रीचा, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा. मुलगा गेलेला, राज्यावर नातू, ज्याचं नाव अभ्यासक ळ घालून 'पुळुमावी' असं लिहितात. त्याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी आजीने लेणं दान केलं आणि दानाच्या निमित्ताने मुलाची थोरवी दगडात कोरून घेतली. विशेषणांमागून विशेषणं येत राहतात, थांबतच नाहीत, कुठल्याही आईने सुरू केल्यावर थांबू नयेत तशी. भाषा प्राकृत. त्यात ती मुलाला अद्वितीय ब्राह्मण म्हणते, आणि तो शब्द कोरला आहे 'बम्हण' असा. र गेला, ह आणि मची जागा बदलली. राजमातेचं उच्चारण. आमच्या बाई तिथे असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हा विचार मी त्या पायऱ्या चढताना दर वेळी करते आणि मला बरं वाटतं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. फोनवर दिवसभर अभिमानाचे फॉरवर्ड येत होते. त्या दाव्याचा एक मोठा आधार होता महाराष्ट्री प्राकृताचा वारसा. म्हणजे कृष्णाला कन्ह आणि ब्राह्मणाला बम्हण म्हणणाऱ्यांच्या बोलण्याचा वारसा. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांत असेही लोक होते जे आजही 'केयी' ऐकून गालात हसतात. दोन्ही एकाच फोनवरून चालतं.

बहिणाबाई चौधरींचं नाव इथे घ्यावंच लागेल. आईच्या माहेरापासून त्यांचं असोदे फार लांब नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि घरातली मुलं टिपून ठेवायची. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. मनावरच्या त्यांच्या कवितेत वढाळ हा शब्द 'वढाय' असा येतो. छापताना कुणी तो सुधारला नाही, ही मराठीवरची मोठी मेहेरबानी. तीच कविता आम्हाला शाळेत होती. त्याच वर्गात, त्याच बाईंनी शिकवली, आणि 'वढाय'ला किती गोडवा आहे हेही सांगितलं. पुस्तकातला य गोड होता. बाकावरचा य ढ होता. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. तिथल्या तोंडी परीक्षेत एखादी मुलगी 'शाया' म्हणाली तर तिला काय वागणूक मिळत असेल, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

आता तो ढ. जगात फार थोड्या भाषांत एक नुसतं अक्षर शिवी म्हणून वापरता येत असेल. यामागे एक गमतीचं स्पष्टीकरण सांगतात: अशोकाच्या ब्राह्मीतला ढ आणि आजचा ढ यांच्या आकारात डोक्यावरच्या रेघेखेरीज फारसा फरक पडला नाही, बाकीची अक्षरं बदलत पुढे गेली, हा आहे तिथेच बसला, म्हणून मागे राहणारा तो ढ. खरं असो वा नसो, मला ढबद्दल आदरच वाटतो. ढग, ढीग, ढोबळ, ढेकर, ढकल, ढवळ, ढासळ, ढम्म. या अक्षराने सुरू होणारा शब्द हलका निघणं कठीण. जुन्या काव्यशास्त्राने माधुर्याच्या रचनेतून टवर्गाला बाहेर ठेवलं आणि ओजाकडे पाठवलं, ते काही उगाच नाही. नाशिकमध्ये राहून तर हे पटवून घ्यायला पुस्तक लागत नाही. गणपतीच्या आधी महिनाभर गोदाकाठी ढोलांचा सराव सुरू झाला की छातीच्या पिंजऱ्यात ढचा अनुप्रास सुरू होतो. नाशिक ढोल देशभर वाजतो. त्याला कुणी ढ म्हणत नाही.

आई सोसायटीत फारशी बोलायची नाही. हळदीकुंकवाला जायची, हसायची, वाण घेऊन यायची. भाजीवाल्याशी घासाघीस करताना खणखणीत असलेला आवाज लिफ्टमध्ये कुणी भेटलं की खाली जायचा. डाळ, शाळा, सकाळ, नळ, उन्हाळा हे शब्द टाळून मराठीत किती बोलता येतं, करून बघा. 'नळाला पाणी आलं का' हे साधं वाक्य तिने शेजारणीला 'पाणी आलं का' असं विचारायचं ठरवलेलं होतं. ही तिची भाषेतली कारागिरी कुठल्याही काव्यशास्त्रात येणार नाही.

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आमच्या सोसायटीत मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम असतो. गाव कुसुमाग्रजांचं, त्यामुळे उत्साह थोडा जास्तच. गेल्या वेळी मुलांसाठी जिभेच्या व्यायामाची स्पर्धा ठेवली होती आणि तेच राळ्यांचं वाक्य होतं. मुलांना राळे म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. कुणी म्हणालं आडनाव, कुणी म्हणालं खडे. आता राळे फॉक्सटेल मिलेट म्हणून मॉलमध्ये चकचकीत पाकिटात मिळतात हे मी सांगणार, इतक्यात मागून आई म्हणाली, 'राये. बारीक, पिवये दाने असतात. आम्ही भात करायचो त्यांचा.' हॉलमध्ये आवाज नव्हता. कुणी हसलं नाही, कारण राळे पाहिलेली तिथे ती एकटीच होती.

मग मुलांनी आजीला धरलं, तुमच्याकडचं काहीतरी सांगा म्हणून. आम्ही दोघींनी मिळून तिथल्या तिथे एक वाक्य केलं. आईने ते म्हटलं: मयात पिवयी केयी, सकायी डोयाले दिसली. मी फळ्यावर खाली प्रमाण मराठीत लिहिलं: मळ्यात पिवळी केळी, सकाळी डोळ्याला दिसली. मुलांनी मोजलं. वर य पाच, खाली ळ पाच. बरोबरी.

तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब बिहारचं आहे, त्यांचा मुलगा चौथीत. तो माइकशी येऊन म्हणाला, मीपण म्हणतो. त्याच्या जिभेवर ळ नाही, ल आहे. मल्यात पिवली केली, सकाली डोल्याला दिसली. 'केली' ऐकून मुलं खो खो हसली, तोही हसला, आणि मग फळ्याशी जाऊन बोट ठेवत ठेवत त्याने आपले ल मोजले. डोळ्यालामधला एक आणि दिसलीतला एक असे आधीपासूनचे दोन ल त्याला फुकट मिळाले होते. त्याचे सात भरले.